इंजिनातली चार पाती

आमच्या बोटीवर एक वही आहे. इंजिन किती वाजता सुरू केलं, किती मिनिटांनी तापमान किती झालं, मागच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यानं दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरली, हे सगळं मी तिच्यात लिहितो. बायको म्हणते, मुलांच्या तापाचीसुद्धा मी एवढी नोंद ठेवली नाही. हे खरं नाही. मुलांच्या तापाची वहीही कपाटात आहे.

बोट शिडाची, बावीस फुटी, जुनी विकत घेतलेली. बेलापूरच्या खाडीत कोळीवाड्याच्या धक्क्याला ती बांधलेली असते. शिडाची असली तरी पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, कारण खाडीत वारा पडला आणि ओहोटी लागली की शिडाचा काही उपयोग होत नाही. हे इंजिन खाडीच्याच पाण्यावर थंड राहतं. तळाच्या जाळीतून पाणी आत येतं, पंप ते ओढतो, ते कूलरमधून फिरतं आणि मागून बाहेर पडतं. पंपात रबराचा एक छोटा पंखा असतो. त्याला सहा पाती. सगळं ठीक असेल तर बादली साठ सेकंदांत भरते आणि तापमानाचा काटा ऐंशीवर थांबतो.

बोट सांभाळायला कोळीवाड्यातले एक म्हातारे होते. त्यांना सगळे नाखवा म्हणायचे, मीही. वय सत्तरीच्या पुढे. त्यांची स्वतःची होडी कधीच मोडीत निघाली होती आणि मुलगे नोकरीला लागले होते. आमच्या बोटीची चावी ते कमरेच्या करदोट्याला बांधून ठेवत. मी नसताना रोज एकदा बोटीवर जाऊन बसत. त्यांची सून एकदा मला म्हणाली होती, "तुजी बोट नसती ना, तर आमचा म्हातारा कवाच आटोपला असता." तेव्हा मी हसलो होतो.

मे महिन्यात पाणी कमी पडायला लागलं, म्हणून मी पंप उघडला. पंख्याची दोनच पाती शिल्लक होती. मी वहीत लिहिलं: पाती सहा, शिल्लक दोन. नवा पंखा बसवला. चाळीस मिनिटं लागली. नाखवा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"शेट, बाकीची चार कुटं गेली?"

"गेली पाण्याबरोबर बाहेर."

"चारी?"

"नाखवा, इंजिन मी बघतो. तुम्ही दोरखंड बघा."

मिनिटभर इंजिन चालवून बघितलं आणि पावसाळ्यासाठी बोट झाकून ठेवली.

नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीवाड्यात सगळ्या होड्या रंगवतात. रंग न लावता होडी पाण्यात घालणं म्हणजे आंघोळ न करता देवापुढे उभं राहणं, असं तिथल्या माणसांना वाटतं. नाखव्यांनी मला न विचारता ओहोटीला आमची बोट गाळात टेकवली आणि तळाला दोन हात रंग दिला. नाव पुन्हा लिहिलं, नाकावर हळदकुंकू लावलं. मला फोन करून बोलावलं. मी बघितलं, छान म्हणालो. तळ बघायला वाकलो नाही.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि त्यांच्या मिसेसना बोटीवर नेलं. नाखवा बरोबर होतेच. सेक्रेटरींना मी वर्षभर बोटीबद्दल सांगत होतो. खाडीच्या मध्यावर पोचलो तेव्हा वारा पडला. इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांनी काटा अठ्ठ्याऐंशीवर होता, वीस मिनिटांनी शहाण्णववर. मागच्या नळीतून वाफ यायला लागली. मी बादली धरली. शंभर सेकंद.

"हे नॉर्मल आहे का हो?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी इंजिन बंद केलं. ओहोटी आम्हाला पुलाच्या खांबांकडे ओढत होती. नाखव्यांनी मला सुकाणूवरून हातानं बाजूला केलं, शीड उभं केलं आणि जो काही वारा होता तो वेचून वेचून दोन तासांत बोट धक्क्याला लावली. मध्ये एकदाच बोलले. "शेट, पानी कमी येतंय. आत कायतरी हाय." सेक्रेटरींच्या मिसेस उतरताना त्यांच्या पाया पडायच्याच बाकी होत्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

तोवर पाणी उतरून बोट गाळाला टेकली होती. मी खाली उतरलो आणि तळाची जाळी बघितली. जाळीवर रंग होता. जाळीला चोवीस फटी आहेत. मी बोटाच्या टोकानं चाचपून मोजल्या. नऊ बंद होत्या.

नाखव्यांच्या होडीला खाली जाळी नव्हतीच कधी. पाण्याखालचं सगळं रंगवायचं, म्हणजे शिंपल्या धरत नाहीत, एवढं त्यांना ठाऊक. मला हे तिथंच, त्याच क्षणी समजलं होतं. तरी मी वर आलो आणि वही काढली.

धक्क्यावर मासेमारीची जाळी विणणारे चौघं-पाचजण होते, मासळी निवडणाऱ्या बायका होत्या, नाखव्यांची सून होती, सेक्रेटरी होते. सगळ्यांसमोर मी मोठ्यानं वाचलं. मे महिन्यात पंखा नवा. त्यानंतर बोटीला हात एकाच माणसाचा. फटी चोवीस, बंद नऊ. तापमान शहाण्णव.

"आयुष्य पाण्यात काढलं म्हणता आणि पाणी आत कुठून येतं ते माहीत नाही?" मी म्हणालो. "आज चार माणसं पुलाच्या खांबावर आपटली असती. कोणामुळे?"

"मना वाटला, शिंपल्या धरतील जालीला..."

"तुला काय वाटलं ते मी विचारत नाही." इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच एकेरी बोललो. "तुझा हात आता कामाचा राहिला नाही. चावी दे."

जाळी विणणाऱ्यांतला एकजण हसला. "नाखवा, घरच्या भिंती रंगव आता." नाखवा करदोट्याची गाठ सोडायला लागले. बोटांना रंग लागलेला होता, गाठ ओली होती, सुटेना. सगळे बघत होते. मी माझा चाकू पुढे केला. जिवंत माणसाचा करदोटा कापायचा नसतो, हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कापला.

दुसऱ्या दिवशी मी जाळी खरवडून साफ केली. चोवीसच्या चोवीस फटी मोकळ्या. भरतीला इंजिन सुरू करून बादली धरली. अठ्ठ्याण्णव सेकंद. दोन सेकंदांचा फरक. अंकगणित येणाऱ्या कुठल्याही माणसाला या आकड्यानं सांगितलं असतं की जाळीचा दोष नव्हता. मी वहीत लिहिलं: रंगाचे पोपडे आत गेले असावेत.

घणसोली गावातून एक मिस्त्री आणला. मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं तोच बघतो. त्यानं कूलरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि काळे तुकडे एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले. चार.

"रंग कुठाय?" मी विचारलं.

"कसला रंग? रबर हाय हे. पंख्याची पाती. नळीच्या तोंडाशी अडकून बसली होती. पंखा कोणी बदलला?"

"मी."

"मग तुटलेली मोजली नाय?"

"मोजली होती."

त्यानं झाकण परत बसवलं. मग इंजिन सुरू केलं. बादली एकसष्ट सेकंदांत भरली. काटा एकोणऐंशीवर जाऊन थांबला.

त्यानंतर अठरा दिवस मी कोळीवाड्यात गेलो नाही. ऑफिसात काम होतं. सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं, "झालं का इंजिन? त्या म्हाताऱ्यानं चांगलीच वाट लावली होती." मी म्हणालो, "झालं." एवढंच म्हणालो.

एकोणिसाव्या दिवशी गेलो, कारण वही उघडली की 'शिल्लक दोन' हेच आधी दिसायचं. बरोबर चावी घेतली आणि एका स्टीलच्या डबीत ती चार पाती. नाखवा घराच्या ओट्यावर मांडीवर जाळं घेऊन, खाडीकडे पाठ करून बसले होते. सून बोंबील निवडत होती. मला बघून हात न थांबवता म्हणाली, "वही आनली का? का आनखी कायतरी कापायचा राहिलाय ह्यांचा?"

"गप गं," नाखवा म्हणाले. "ये शेट. बस."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. चूक माझी होती, जाळीची नव्हती. डबी उघडून समोर धरली. "तुम्ही मला मे महिन्यातच विचारलं होतं, चार कुठं गेली म्हणून. आठवतं?"

त्यांनी एक पातं उचललं, दोन बोटांत वाकवून बघितलं, परत ठेवलं.

"मी इचारला व्हता? मना नाय आठवत." मग हसले. "तू चांगला मानूस हायेस शेट. म्हाताऱ्याचा मन राखायला आलास."

"मन राखायला नाही. हे कूलरमधून निघालं. मिस्त्रीला विचारा."

"जालीचा आकडा तू सांगलास. चोवीसातली नऊ. तो खोटा व्हता काय?"

"नव्हता."

"मग?"

मी वही काढली, बादलीचे आकडे वाचून दाखवले. रंग खरवडण्याआधी शंभर, नंतर अठ्ठ्याण्णव. पाती काढल्यावर एकसष्ट. तीन-तीनदा समजावलं. ते लहान मुलाचं ऐकावं तसे मान डोलवत होते.

"पुतन्या आला व्हता परवा," ते म्हणाले. "नवी बोट घेतलीय त्यानं. सुकानू धर म्हनला. मी नाय बोललो. त्याचीं पोरं असतात बोटीवं. हात चुकतो माजा आता. बरा झाला तू येलेवर सांगलास."

मी चावी ओट्यावर ठेवली. त्यांनी ती जाळं विणायच्या सुईनं हळूच माझ्याकडे सरकवली. हात लावला नाही. त्यांची कमर मला दिसत होती. करदोटा नव्हता.

"नवा आनून दिला," सून म्हणाली, "घालीत नाय. कशाला पायजे म्हनतो."

ती उठली, हात पुसले आणि माझ्या हातातली डबी काढून घेतली. चारी पाती नीट बघितली. मग धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या माणसांकडे बघितलं.

"ही मी ठेवते. त्यांना दाखवीन, हसले व्हते ना. त्यांना पटेल." सासऱ्याकडे तिनं नुसती हनुवटी केली. "ह्यांना नाय पटायचा. ह्यांना तू पटवलास."

चावी माझ्या खिशात परत आली. नाखव्यांनी सुई उचलली आणि खाडीकडे पाठ ठेवूनच विणायला लागले.