बाबांची मूठ

खंडेनवमीला लॅपटॉपला झेंडू वाहताना मला अजून बंदुकीच्या तेलाचा वास येतो आणि कानशिलं तापतात.

आयटीतली नोकरी लागली, तेव्हा निवृत्त सुभेदार असलेले बाबा मला कौतुकाने नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. त्यांचं रिव्हॉल्व्हर जुनं होतं, प्रत्येक बार काढण्याआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. "आवळू नकोस. धक्का बसला की मूठ तळव्यात वळू दे," ते म्हणाले. मी भीतीने गच्च आवळली. बार झाला, ट्रिगरभोवतीची कडी मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटली आणि त्यांच्या मित्रांसमोर मी रडले.

"कीबोर्डवरचे हात ते!" एक काका म्हणाले.

"तिचं काही चुकलं नाही. मूठच मोठी आहे," बाबा म्हणाले. मग घरी कानशीने घासून घासून त्यांनी ती लाकडी मूठ माझ्या हाताएवढी केली. मी मात्र दर रविवारी ऑफिसच्या कामाची सबब सांगून रेंजवर जाणं टाळलं.

पुढच्या खंडेनवमीला ते पूजेसाठी रिव्हॉल्व्हर पुसत होते. त्यांच्या रुंद पंजात ती घासलेली मूठ लहान पडत होती आणि मधल्या बोटाचा सांधा काळानिळा झाला होता.

"आता मलाच चावतंय," ते हसत म्हणाले.

मीही हसले होते.