चहाबरोबरची गोळी

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आली, त्या साली आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी कधी येईल हे देवालाही ठाऊक नव्हतं. शहराभोवती नव्या वसाहती उठत होत्या आणि पैठणच्या धरणाने मात्र तळ गाठला होता. धरण उशाला, कोरड घशाला. टँकर आला की मी हंडे घेऊन धावायचे, भांडायचे, आणि भरून आणायचेच. त्यात मला कोणी हरवलं नाही.

पण ते पाणी गढूळ, वास मारणारं. गर्भार लेकीला असलं कसं द्यायचं? उकळून, गाळून दिलं तर तिला मळमळायचं. मग मी तोडगा काढला. चहाइतकं उकळलेलं दुसरं काय असतं? रक्तवाढीची गोळी मी तिला सकाळच्या आल्याच्या चहाबरोबर द्यायला लागले. "घे गं, घाल घशाखाली," म्हणत समोर उभी राहायचे. ती काही न बोलता गिळायची.

तपासणीत रक्त काही वाढेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेते ना नियमित?"

"एक चुकू दिली नाय," मी तोऱ्यात म्हणाले. "तीबी उकळत्या चहाबरोबर. टँकरचा कच्चा थेंब पोटात जाऊ दिला नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं, की चहामुळे गोळीतलं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर दोन तासांनी. लेक मान खाली घालून बसली होती. दमली असेल, असं मला वाटलं.

नात दिवस भरायच्या आधीच आली, वजनाला कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी बाहेरून तिच्या बरगड्या बघत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. "एकट्या चहानं एवढं होत नसतं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जावई तर एका शब्दाने बोलले नाहीत. कोणीतरी बोलायला हवं होतं; जीव जरा हलका झाला असता. नात सावरली, पुढे चांगली धडधाकट झाली. मी मात्र घरात चहापत्ती आणणं बंद केलं. शेजारणी म्हणायच्या, बाईला खूळ लागलंय. लागू दे.

दुसऱ्या वेळी लेक माझ्याकडे येईल असं वाटलं नव्हतं. तरी ती आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, चहा टाक."

"घरात पत्ती नाय. आणि तुझी गोळी?"

"ती घेईन की दुपारी, लिंबूपाण्याबरोबर." मग म्हणाली, "मला तेव्हाही ठाऊक होतं गं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तू तेव्हा टँकरवर होतीस."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला.

"तू टँकरवरनं भांडून यायचीस. पदर ओला, हंड्यांनी हात लाल झालेले. तरी आधी माझा चहा ठेवायचीस. नाय म्हणवलं नाय."

ठाऊक नव्हतं म्हणून चुकले, एवढाच आधार मी इतकी वर्षं धरून होते. ठाऊक असणारी रोज माझ्या समोर बसत होती, आणि मी तिला तोंड उघडायला जागाच ठेवली नव्हती.

पिशवी घेऊन मी पत्ती आणायला निघाले. दुकानदाराने दोनदा विचारलं, "काय देऊ, मावशी?" मी पत्तीच्या पुड्याकडे नुसतं बोट केलं.