तेलाच्या डब्यावरचा चेहरा

अक्काच्या केसांवर बिदरातल्या एका तेलवाल्यानं बराच माल खपवला. आमचं घर बिदरातच, मैलूरला; अप्पा पाट्या रंगवायचे. डब्यावर छापायला चित्र हवं म्हणून तेलवाला आला, तेव्हा अप्पांनी थोरल्या लेकीलाच केस मोकळे सोडून दारात बसवलं आणि प्लायवूडच्या फळीवर उतरवलं. सावळी, जरा रागीट, बसून बसून वैतागलेली. चित्र हुबेहूब होतं. माझे केस उंदराच्या शेपटीएवढे, त्यामुळं मला तिचा हेवाही वाटायचा.

मग घरोघरी केबल आली आणि तेलवाल्यानं फळी परत आणली. "मास्टर, केस ऱ्हाऊ द्या, तोंड बदला. टीव्हीत कशा गोऱ्यापान पोरी दिसायल्यात बघा!" नव्या फळीचे पैसे द्यायला त्याच्या जिवावर आलं होतं. अप्पांनी त्याच फळीवर गोरी बाई काढली. अक्का बघून हसली, "केस माझे आन् तोंड परकीचं व्हय, अप्पा?"

"तू हाईस की घरात," अप्पा म्हणाले. "फळीवर कामून पाहिजेस?"

पुढं तिचं लग्न झालं. नवऱ्यासोबत ती हैदराबादला बांधकामावर गेली आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळही वाचलं नाही. लग्नाचे फोटो सासरी होते, आणि तिच्या मरणावरून झालेल्या भांडणात ते दार बंद झालं. आमच्याकडं तिचा एकही फोटो नव्हता. जुने डबे धुंडाळले, तर त्यावर चेहरा नखाएवढा आणि छापताना नाकडोळे एक झालेले. आई म्हणायची, "तिचं तोंडच ध्यानात येईना झालंय मला." ते ऐकलं की मला घरात थांबवत नसे.

दुकानात मोठ्या कंपन्यांच्या तेलाच्या रुपयाच्या पुड्या लटकायला लागल्या आणि तेलवाल्याच्या कारखान्याला कुलूप लागलं. अप्पा जाऊन फळी मागून घेऊन आले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात हुरूप आला होता. "वरचा रंग काढला की खाली अक्का हाय," म्हणाले. आई चुलीवरचं उतरवून समोर येऊन बसली.

रंग उतरवायचं औषध लावून अप्पा पात्यानं हलक्या हातानं खरवडू लागले. गोरा गाल निघाला, कपाळ निघालं. सावळा रंग काही लागेना. खाली पांढरं अस्तर आलं, मग लाकूड.

"दिसायलीय का ओ?" आई विचारत होती. "दिसायलीय का?"

अप्पांचा हात थांबला. जुन्या रंगावर नवा धरत नाही, म्हणून आधी जुना पॉलिश पेपरनं पार घासून काढायचा, ही त्यांची रीत. नुसता फडका मारून वर रंग फासणाऱ्या पेंटरांना ते शिव्या घालायचे. आशेच्या भरात तेवढंच ते विसरले होते.

"म्याच घासलं होतं," ते आईला म्हणाले. "लई नीट घासलं होतं गं."