बाबा कुणाला साथ करतात?

सिंगापूरवर लिहा, असा आग्रह या ब्लॉगच्या वाचकांचा जुना आहे. तेव्हा आधीच सांगते: "मुलांना घेऊन काय काय बघावं?" हा प्रश्न असणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. मी तिथे चार दिवस होते आणि लोक जे बघायला जातात त्यातलं काहीही पाहिलेलं नाही. मी गेले होते हौगांग नावाच्या एका साध्यासुध्या वसाहतीत, रशियापासून सर्बियापर्यंतची स्लाव्ह लोकांची तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या दोन दिवसांच्या मेळाव्याला. त्यातलं एकही वाद्य मला वाजवता येत नाही.

कारण घरचं आहे. माझे बाबा पोलाद कारखान्यात इंजिनियर होते. लग्नाआधी दोन वर्षं ते प्रशिक्षणासाठी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये राहिले आणि येताना एक बालालायका घेऊन आले. तीन तारा, त्रिकोणी पोट, बोटांनी छेडायचं. माझ्या सगळ्या लहानपणी ते वाद्य कपाटावर धूळ खात पडलेलं होतं. आता बाबा ब्याऐंशीचे आहेत, डिमेन्शिया आहे, माझं नाव कधी आठवतं तर कधी नाही. पण वर्षभरापूर्वी एके दिवशी त्यांनी ते काढायला लावलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला पाऊण तास वाजवायला लागले. तेही गाणं नाही, नुसती साथ. झंक-झंक, थांबायचं, पुन्हा झंक-झंक. मधूनच समोरच्या भिंतीकडे बघून मान हलवायची, कुणाला तरी सम दाखवावी तशी. मग एकदम थांबून रशियनमध्ये काहीतरी म्हणायचं, हसायचं आणि परत पहिल्यापासून.

पहिले काही दिवस आम्हाला मजा वाटली. नंतर आई बरोबर सहाच्या ठोक्याला भाजी आणायला बाहेर पडायला लागली. घरात भाजी असली तरी.

"मला नाही बसवत तिथे," ती म्हणाली. "घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटतं."

डॉक्टर म्हणाले, वाजवू द्या, पण हेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. तेव्हा मी ठरवलं, बाबा ज्या सुराला साथ करतात तो सूर शोधायचा, शिकायचा आणि हेही विसरून जायच्या आत एकदा त्यांच्यासमोर बसून वाजवायचा. कॉलेजात मी मेंडोलिन वाजवायचे, अगदीच अनोळखी प्रकरण नव्हतं. निदान तो पाऊण तास बाबा माझ्याबरोबर असतील, भिंतीबरोबर नाही, एवढीच इच्छा होती.

माझा मावसभाऊ मिलिंद सिंगापुरात आयटीत आहे, बुकित पंजांगला राहतो. त्याच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या, सूचनाफलकावर लागलेल्या या मेळाव्याच्या जाहिरातीचा फोटो त्याने पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे काकांचंच वाद्य ना?" त्याच आठवड्यात मी तिकीट काढलं.

कामाचं सांगून टाकते. पुण्याहून थेट विमान मिळालं. व्हिसा एजंटमार्फत ऑनलाइन होतो, पण आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. निघायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं अरायव्हल कार्ड भरायचं असतं, ते विमानतळावर रांगेत उभं राहून भरू नका. मेंडोलिन केबिनमध्ये घेऊ दिलं, फक्त ते डोक्यावरच्या खणात ठेवताना एका काकांनी "काही फुटणारं आहे का?" असं तीनदा विचारलं.

शनिवारी सकाळी मिलिंद मला मेट्रोच्या स्टेशनपर्यंत सोडायला आला. बुकित पंजांगच्या वसाहतीतून तिथवर एलआरटी, म्हणजे एक-दोन डब्यांची छोटी गाडी, धावते. तिला चालक नसतो. सगळ्यात पुढे बसावं तर समोर नुसते रूळ. मी खिडकीतून लोकांच्या गॅलऱ्यांमधले वाळत घातलेले कपडे बघत होते आणि अचानक काच पांढरीफटक झाली. बाहेरचं सगळं गेलं. डब्यात कुणी मान वर केली नाही. पाच-सहा सेकंदांनी काच पुन्हा स्वच्छ झाली आणि आम्ही दुसऱ्याच इमारतींमध्ये होतो.

"घरांच्या फार जवळून जाते ना," मिलिंद म्हणाला. "लोकांच्या खासगीपणासाठी काचा आपोआप धूसर होतात. आम्हाला आता कळतही नाही."

व्यवस्था चांगलीच आहे. तरी दर वेळी काच पांढरी झाली की मी मांडीवरचं मेंडोलिन घट्ट धरत होते.

पुढे एमआरटी, म्हणजे मेट्रो, आणि लिटिल इंडियाला गाडी बदलून हौगांग. तास-सव्वा तास धरून चाला. वेगळं तिकीट लागत नाही, आपलं बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं. तिथल्या चिनी लोकांचा, पितर घरी येतात तो सातवा महिना चालू होता, आपल्या पितृपंधरवड्यासारखा, फक्त महिनाभर. ब्लॉकांच्या खाली पत्र्याच्या पिंपांत पितरांसाठी खोट्या कागदी नोटा जाळलेल्या, गवतावर संत्री आणि उदबत्त्या. मिलिंदने निघताना बजावलं होतं, "ताई, राखेवर पाय देऊ नकोस, वळसा घालून जा. मी मानत नाही, पण मीसुद्धा वळसाच घालतो."

मेळावा एका ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होता. दोन दिवसांचे चाळीस डॉलर, चहा-कॉफी धरून. दारात मेय नावाच्या साठीच्या सिंगापुरी बाई बसल्या होत्या. त्या स्वतः बालालायका वाजवतात, आणि का वाजवतात हे त्यांना कुणी विचारलेलं आवडत नाही. त्यांनी माझ्या हातात बिल्ला दिला. त्यावर दोनच ओळी: नाव आणि वाद्य.

"देश नाही लिहायचा?" मी विचारलं.

"नो कंट्री. रूल वन," मेय म्हणाल्या. "हू यू आर, व्हॉट यू प्ले. कुठून आलात, हे इथे कुणी कुणाला विचारायचं नाही. नाहीतर हे लोक एका खोलीत बसणारच नाहीत लाह." (लाह म्हणजे तिथलं "बरं का".)

आत नजर टाकली आणि नियम पटला. तीसेक माणसं होती. ज्यांचे देश आज एकमेकांवर तोफा डागतायत तेही त्यांत असणार, आणि सगळे खाली मान घालून तारा जुळवत होते. मी "वाद्य"पुढे "बाबांचं" असं लिहून टाकलं.

सकाळभर मी बाबांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर एकेकाला ऐकवत फिरले. सात जणांनी ऐकलं, सातही जणांनी मान हलवली. त्यांचंही चुकत नव्हतं. नुसता तबला ऐकवून चीज ओळखा म्हणण्यातलाच तो प्रकार. दुपारी सगळे समोरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेले. (तिथली शाकाहारी शेवयांची बशी पाच डॉलरच्या आत मिळते, मिरची मात्र वेगळी मागून घ्या.) मी सामानाकडे लक्ष ठेवते म्हणून मागे राहिले. खरं तर मला रडू येत होतं.

हॉलमध्ये मी आणि टेबलांवर ठेवलेली तीसेक वाद्यं. मी मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि बाबांना लावलं. झंक-झंक. बाबा थांबले आणि मागून बारीकशी गुणगुण आली. मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. मोबाइल बंद केला तर गुणगुण जराशी रेंगाळून विझली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बाबा जिथे जिथे कुणासाठी तरी थांबत होते, तिथे तिथे ती खोली काहीतरी म्हणत होती. बाहेर टळटळीत दुपार होती आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आपल्या सतारीच्या तरफेच्या तारा जवळ सूर वाजला की अशाच आपोआप बोलतात. शिवाय तिथे गुस्ली होती, आपल्या स्वरमंडळासारखी, मांडीवर घेऊन वाजवायची. तिच्या इतक्या मोकळ्या तारा गप्प थोड्याच राहणार? हे सगळं मला कळत होतं. तरीही मी उठून हॉलचे सगळे दिवे लावले.

"परत लावा," दारातून कुणीतरी म्हणालं.

गालिना होती. सत्तरीची, उंच, सकाळी सगळ्यांना दोम्रा शिकवत होती. दोम्रा म्हणजे गोल पोटाची, नखीने वाजवायची, मेंडोलिनची नात्यातलीच. गालिनाच्या हातात दोरी बांधलेली कॉफीची पिशवी लोंबत होती, तिथे पार्सल कॉफी तशीच देतात. तिने उभ्यानेच अर्धा मिनिट ऐकलं, पिशवी खुर्चीला अडकवली, दोम्रा उचलली आणि बसून वाजवायला लागली.

सूर साधा होता, दोनच ओळींचा. पण बाबांच्या एकेका थांबण्यात तो चपखल बसत गेला. वर्षभर मी अर्धंच ऐकत होते. आणि मग एका ठिकाणी गालिनाचं बोट जरा पुढे गेलं, सूर एक मात्रा आधीच पडला.

"न्येत, न्येत," मोबाइलमधून बाबा म्हणाले. "येश्चो राज." आणि हसले.

गालिनाने दोम्रा मांडीवर पालथी ठेवली. "हे कोण आहेत?"

"माझे बाबा. पुण्यात असतात. तीन आठवड्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे."

"ते मला म्हणाले, नाही, नाही, पुन्हा एकदा."

आम्ही दोघी हसलो, पण ते काही खरं हसू नव्हतं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी सांभाळून, अचूक वाजवलं. बाबा त्याच जागी थांबले, तेच म्हणाले. मग गालिनाने समजावलं. त्या ओळीत एक मात्रा जास्तीची आहे, तिथे श्वास घेऊन थांबायचं असतं. शिकणारा प्रत्येक जण तिथे घाई करतो. "चाळीस वर्षं शिकवतेय, आज मीही केली. तुमच्या वडिलांबरोबर जी वाजवते, तीसुद्धा घाई करते."

"वाजवायची," मी म्हटलं. "कुणी असलीच तर. आणि ती बाईच होती कशावरून?"

"त्यांच्या हसण्यावरून," गालिना म्हणाली. "आणि वाजवायची नाही, वाजवते. नीट ऐका. तीनदा ते तिला थांबवतात. चौथ्यांदा थांबवत नाहीत, पुढे जातात. चौथ्यांदा तिला बरोबर जमलेलं असतं."

मी ते रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं असेल. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरात आणखी कुणीतरी आहे, हे आईचं वाक्य आठवलं आणि त्या उकाड्यात मला गारठल्यासारखं झालं.

गाण्याचं नाव विचारलं तर गालिनाने बिल्ल्याकडे बोट दाखवलं. नाव सांगितलं की ते कुठलं हे सांगणं आलं. "आमच्या गावात पोरी पाणी भरायला जाताना म्हणायच्या," एवढंच तिने दिलं. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत तिने माझ्या मेंडोलिनवर तो सूर बसवून घेतला. शेवटी सगळ्यांनी गोल करून वाजवायचं असतं, तेव्हा मेयबाईंनी बाबांचा आवाज स्पीकरवर लावला आणि गालिनाच्या मागोमाग तीस जणांनी सूर धरला. त्या जागी तीसच्या तीस जण घाईने पुढे गेले. "न्येत, न्येत," बाबा स्पीकरमधून म्हणाले. हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. मेयबाईंनी तेवढं उठून दार उघडून ठेवलं, आणि सातव्या महिन्यात असं का, म्हणून कुणी विचारलं नाही.

निघताना गालिना म्हणाली, "तुम्ही आता अचूक वाजवता. घरी अचूक वाजवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मंगळवारी संध्याकाळी मी पुण्यात होते. आईला म्हटलं, आज भाजीला जाऊ नकोस. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सहा वाजले, बाबांनी बालालायका घेतली, झंक-झंक सुरू झालं आणि मी मेंडोलिनवर सूर धरला. बाबांनी चमकून वगैरे पाहिलं नाही. भिंतीकडे बघत वाजवत राहिले, जणू मी रोजच असते. त्या जागेचं मी विमानात काहीच ठरवू शकले नव्हते. ठरवावं लागलंच नाही. हात आपसूक पुढे गेला.

"न्येत, न्येत," बाबा म्हणाले. पण हसले नाहीत. वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग स्वच्छ मराठीत विचारलं, "तुम्ही तिच्याकडून आलात का?"

मुलीला "तुम्ही" म्हणत होते.

"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," दारातून आई म्हणाली. "तुमची आठवण काढत होती."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी बालालायकाच्या खुंट्या एकेक करून फिरवल्या आणि तिन्ही तारा सैल केल्या. बरेच दिवस वाजवायचं नसलं की वाद्यावर ताण राहू नये म्हणून असं करतात. वाद्य आईच्या हातात दिलं आणि चहा मागितला.

त्याला आता दीड महिना झाला. त्यांनी ते पुन्हा मागितलेलं नाही. मी सूर आणायला गेले आणि साथ घालवून बसले, असं मला रोज वाटतं. काही दिवस मी संध्याकाळी समोर बसून मेंडोलिन वाजवून बघितलं. बाबा पेपर चाळत राहिले. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर जरूर जा, वाद्य येत नसलं तरी त्या हॉलमध्ये बसू देतात, माणसं सज्जन आहेत. फक्त काही विचारायला जाणार असाल, तर उत्तर मिळेल या तयारीने जा. माझी ती तयारी नव्हती.

परवा मी आईला न राहवून विचारलं, "तुला ती माहीत होती?"

"मला कुठून माहीत असणार?" आई मटार सोलत होती. "पण इतक्या वर्षांनी माणसाने चौकशी केली, तर बरी आहे असंच सांगतात ना गं? माझी कुणी केली तर तूही तेच सांग."