भरायला जास्त वेळ लागणारी बंदूक

बाबांनी बंदूक मागितली तेव्हा आई तिचा डबा भरत होती आणि मी फोनवर बसची वेळ बघत होते. कमरेचं ऑपरेशन होऊन घरी बसल्यापासून, अकरा महिन्यांत, त्यांनी आपणहून काही मागितलं नव्हतं. वेअरहाऊसमध्ये आधी त्यांच्याबरोबर काम करायचा तो एकजण दर वर्षी हरणाच्या शिकारीला जातो. त्याने फोन करून या वर्षी तूही चल म्हटलं होतं.

"ठासणीच्या बंदुकीचा इथे वेगळा सीझन असतो म्हणे," बाबा म्हणाले. "आपल्याला ठासणीचीच येते. बघ ना बाय, कुठे मिळते ती."

आई माझ्याकडे बघून हसली. मी मात्र हसले नाही. त्याचं कारण घरात मला एकटीलाच माहीत होतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मी अकरा वर्षांची असताना मामाने केलेल्या व्हिसाच्या अर्जावर आम्ही इथे परदेशात, बॉथेलला आलो. बाबा दहावीपर्यंत शिकलेले, आई सातवीपर्यंत. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मी. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यासमोर येतो. भाड्याचं ॲग्रीमेंट, विम्याची पत्रं, सगळं मीच वाचते आणि मराठीत सांगते. मला त्याचा अभिमानही होता, हे कबूल करते. म्हणून बाबांच्या ऑपरेशननंतर पाचेक महिन्यांनी क्लिनिकमधल्या नर्सने फोनवर दुभाषा देऊ का विचारलं, तेव्हा मी लगेच सांगितलं की गरज नाही, मी आहे.

तिने एक प्रश्नावली काढली. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का. शेवटी तिने विचारलं, आपण मेलेलो बरं असं किती दिवस वाटलं? मला ते वाक्य बाबांसमोर मराठीत उच्चारता येईना. आपल्या बापाला असं कसं विचारायचं? मी म्हटलं, "बाबा, घरी बसून कंटाळा येतो का?" बाबा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कंटाळा काय, येतोच." मी नर्सकडे वळले आणि म्हटलं, नो. तिने शून्यावर खूण केली.

ते शून्य पुढे सहा महिने माझ्याबरोबर हिंडत होतं. बाबा खिडकीपाशी खुर्ची लावून बसत. जेवायला हाक मारली तर येत, नाही मारली तर येत नसत. आणि आता त्यांना बंदूक हवी होती.

आधी मी खोटं बोलले. म्हटलं, ती बंदूक इथे मिळत नाही. त्यांनी त्या मित्राला फोन करून दुकानाचं नाव विचारलं. मग म्हटलं, शिकारीचा कोर्स करावा लागतो आणि तो इंग्रजीत असतो. "मग तू वाचून दाखव," ते म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही.

रोज कॉलेजातून आले की मी एक धडा वाचून मराठीत सांगायचे. आणि बाबा बोलायला लागले. गावी त्यांच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भात लोळवायची, तेव्हा ते शेतातल्या माळ्यावर राखणीला बसायचे. आधी दारू, मग वरून गजाने ठासायचं, मग शिसं, आणि ठिणगी पाडणारी केप लावायची ती अगदी शेवटी, जनावर समोर आल्यावर. हे सगळं सांगताना त्यांचे हात हवेत चालायचे. इथल्या हरणाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "भेकरापेक्षा मोठं दिसतंय. पण सांबरासमोर काहीच नाही." त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

मी आईला एकदा चाचरत म्हटलं की घरात बंदूक नको. ती डेकेअरच्या किचनमध्ये दिवसभर उभी राहून आली होती, पाय सुजले होते. "हरीण मारू देत, नाहीतर डोंगरावर नुसते बसून येऊ देत," ती म्हणाली. "बोलतायत ना ते. तू आता मोडता घालू नकोस." तिला ते शून्य सांगायचं मी ठरवलं होतं. नाही सांगितलं.

मिडटर्म तोंडावर होती आणि मी लायब्ररीत बसून बंदुका वाचत होते. नव्या पद्धतीची एक असते, तिची केप आत बंद राहते, पावसापाण्यात भिजत नाही. जुन्या पद्धतीची दुसरी, लाकडी दस्त्याची, बाजूला घोडा असलेली, केप बाहेर उघडी. आमच्या राज्यात त्या सीझनला केप उघडीच लागते, त्यामुळे खरं तर निवडायला फार नव्हतं. तरी मी वाचत राहिले, कारण मला निवडायचं होतं ते वेगळंच. कुठलीला जास्त खटपट आहे, कुठली पटकन तयार होत नाही. दारू मित्राकडे ठेवू, केपांची डबी माझ्या बॅगेत ठेवू. असे बेत मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले, आणि एकदा ते पान वाचताना माझं मलाच कळलं की मी हे हरणासाठी लिहीत नाहीये. मी ते पान फाडलं. बेत मात्र डोक्यातून गेले नाहीत.

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. त्याने जुन्या पद्धतीच्या दोन बंदुका गालिच्याच्या तुकड्यावर काढून ठेवल्या. बाबांनी एक उचलली, आधी गज काढून आत सोडला आणि ती रिकामी आहे ना ते बघितलं. म्हाताऱ्याने भुवया उंचावून मान डोलावली आणि म्हणाला की याला शिकवायची गरज दिसत नाही. मी ते बाबांना सांगितलं. ते हसले, आणि बंदूक खांद्याला लावताना त्यांची पाठ सरळ झाली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, कारण ती पाठ मला हवी होती आणि ती बंदूक नको होती.

बाबा दुसरी बंदूक बघत असताना मी हळूच इंग्रजीत विचारलं, "यातली भरायला जास्त वेळ कुठली घेते?"

म्हातारा थांबला. "लोक मला लवकर कुठली भरते ते विचारतात," तो म्हणाला. मग त्याने बाबांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोरी, हे हरणाबद्दल आहे ना?"

मी बाबांकडे बघितलं. त्याने काही लावून धरलं नाही. दोन्ही बंदुका शांतपणे मागच्या रॅकवर ठेवल्या आणि म्हणाला, बंदुका कुठे जात नाहीत, आधी बाहेर जाऊन बोलून या. मी मराठीत काय सांगू? बाबांना म्हटलं, "जरा गाडीत बसूया."

गाडीत बसल्यावर मी काच बघत होते, ते डॅशबोर्ड बघत होते. मी ठरवलं की या वेळी शब्द बदलायचे नाहीत.

"बाबा, आपण मेलेलो बरं असं वाटतं का तुम्हाला?"

मला वाटलं ते रागावतील. ते रागावले नाहीत.

"हेच विचारलं होतं ना तिने, त्या दिवशी?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"सगळं नाही कळलं. ती विचारताना खाली बघायला लागली, तू लाल झालीस. आणि विचारलंस काय, तर कंटाळा." त्यांनी बाजूची काच थोडी खाली केली. "तू तिला नो म्हणालीस. नो कळतो मला. म्हटलं, पोरीला ऐकायचं नाहीये, तर कशाला सांगा."

मी रडायला लागले. माफी मागायची होती, पण नुसतं "बाबा, बाबा" एवढंच येत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही समजूत घातली नाही. समोर बघत म्हणाले, "वाटतं. रोज नाही. तू वाचून दाखवायचीस तेव्हा नव्हतं वाटत."

"मग बंदूक कशाला हवी होती?"

"हरणासाठीच," ते म्हणाले. मग मान वळवून दुकानाच्या दाराकडे बघितलं. "पण घरात नको. गावी निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावायचे. आम्ही पोलिसांना शिव्या द्यायचो. मी सांगतो तुला, माझी आता जमाच असलेली बरी. त्या मित्राकडे असेल तर असू दे. मी बरोबर जाईन, चालेन."

मला त्या उत्तराने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी आपल्या तोंडाने हो म्हटलं होतं, आणि ते आता परत आत ढकलता येणार नव्हतं. सहा महिने मी त्यांना त्या खिडकीपाशी एकटं बसवून ठेवलं होतं, एका शब्दासाठी.

मी क्लिनिकला फोन लावला. शनिवारी तिथे नर्सची लाइन चालू असते. मी सांगितलं की मागच्या वेळी मी चुकीचं उत्तर दिलं होतं, माझ्या वडिलांना तेच प्रश्न पुन्हा विचारा, आता लगेच. तिने मला विचारलं की आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे, घरात बंदूक आहे का. मी सांगितलं, मी आहे, बंदूक नाही. मग तिने विचारलं, तुम्ही भाषांतर कराल का? मी म्हटलं, नाही, दुभाषा द्या, मराठी.

मी फोन स्पीकरवर टाकला, पाच-सात मिनिटं संगीत वाजत राहिलं. बाबा म्हणाले, "मिळेल का गं मराठीवाला इथे?" तेवढ्यात पलीकडून एका बाईंचा आवाज आला, "नमस्कार काका, ऐकू येतंय का?" बाबा खुर्चीत सावरून बसावं तसे बसले आणि म्हणाले, "हो मावशी, बोला." आवाजावरून त्या जेमतेम माझ्या वयाच्या वाटत होत्या.

मी त्यांच्या हातात फोन दिला, दार उघडून बाहेर पडले आणि मागे दार लावून घेतलं. दोन पावलांवरच उभी राहिले, त्यांना दिसेन अशी. आतला आवाज येत नव्हता. काचेतून ते मान हलवताना दिसत होते. एकदा ते बराच वेळ बोलले, एकदा डोळे पुसले. मग त्यांनी उजवा हात वर धरला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले, एक, दोन, तीन. दिवस मोजत असणार. मी चौथ्या पेरापर्यंत बघितलं आणि मग मान वळवली. तो आकडा त्यांनी त्या बाईंना सांगायचा होता.