तिसऱ्या आठवड्यातला हात

गल्लीच्या तोंडाशी कपडे शिवून-दुरुस्त करून देणारं एक दुकान होतं, आणि त्याच्या मालकीणबाईंना सगळे कातरकाकू म्हणत. हातात कात्री असे म्हणून नव्हे, जीभ तशी चालायची म्हणून. नवरा म्हणे, "हिच्याशी वाद घालायचा तर आधी चिलखत शिवून घ्यावं. पण शिवणार कोण? हीच!"

सहा वर्षांपूर्वी काकूंना स्तनाचा कर्करोग झाला. डावी बाजू काढावी लागली. त्यातून उठल्यावर तशाच बायका दुकानात यायला लागल्या. कुणाला आतून छोटी गादी बसवून हवी असे, कुणाला काखेत काचत असे. पडद्यामागे मापं घेता घेता काकूंना त्यांची दुखणी पाठ झाली.

म्हणूनच या रोगावरच्या नव्या उपचारांच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या एका धर्मादाय संस्थेनं त्यांना निवड समितीवर घेतलं. सात जणांत एक तरी या आजारातून गेलेली हवी, असा तिथला नियम. बाकीचे सहा डॉक्टर नि प्राध्यापक. प्रत्येक अर्जाला साध्या भाषेतलं एक पान जोडावं लागे, ते खास काकूंसाठी. काकू शिलाई मशीन चालवत आणि नवरा शेजारी बसून मोठ्यानं वाचे. मशीन थांबलं की त्यानं त्या ओळीखाली रेघ मारायची, असं ठरलेलं.

यंदा एका तरुण डॉक्टरीणबाईंचा अर्ज काकूंच्या मनात भरला. औषध टोचायचं आणि ऑपरेशनच्या जागी एका खास दिव्याचा प्रकाश सोडायचा. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोन खेपा. केस जाणार नाहीत, ओकाऱ्या होणार नाहीत, अशी आशा होती. "हिला मिळालंच पाहिजे," काकू म्हणाल्या. नवऱ्यानं पुढची ओळ वाचली, 'रुग्णाने हात डोक्यामागे घेऊन पाऊण तास निश्चल पडून राहावे', आणि मशीन थांबलं.

"पुन्हा वाचा हो."

त्यानं पुन्हा वाचलं.

"तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. तुम्हीच विंचरत होता, वाकडातिकडा भांग पाडून!"

आता आली का पंचाईत! संस्थेत दुरुस्तीला वाव नव्हता. एक तर हो, नाहीतर नाही. बोलावं तर अर्ज पडणार, आणि यंदा नकार मिळाला तर हे काम कायमचं थांबणार, असं त्या बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. न बोलावं तर बायका दोन खेपांत पळणार आणि नाव औषधाचं बद्दू होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकूंनी आठवडाभर नवऱ्यावर चिडचिड केली.

मुलाखतीच्या दिवशी सहाही जण डॉक्टरीणबाईंवर खूश होते. "काकू, तुमचं काही?" अध्यक्षांनी सहज विचारलं.

काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी डावा हात उचलला. तो कानाशी येऊन अडला. "सहा वर्षांनी इथवर जातोय. तिसऱ्या आठवड्यात खांद्यापर्यंतही जात नव्हता. तुम्ही हे निजणं कुणावर करून पाहिलंत?"

"आमच्या विद्यार्थिनींवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणालाच काही त्रास झाला नाही."

"धडधाकट पोरींचा हात आभाळालाही लागेल, बाई!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "मग नियमाप्रमाणे हा अर्ज..."

"थांबा साहेब. आमच्यात आधी कच्चा टाका घालून कपडा अंगावर चढवून बघतात. काखेत घट्ट झाला म्हणून कुणी टाकून देत नाही." मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "हात कडेला ठेवला, तर दिवा बाजूनं नाही का धरता येणार?"

त्यांनी कागदाच्या पाठीवर बराच वेळ काहीबाही आखलं. "येईल. दांडी तिरकी करावी लागेल," त्या म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात, "मी ऑपरेशन झालेल्या एकीलाही विचारलं नव्हतं."

तासभर घासाघीस झाली आणि 'दुरुस्तीच्या अटीवर मंजूर' असा शेरा त्या संस्थेत पहिल्यांदाच पडला. काकूंना इतका आनंद झाला, की घरी येऊन त्यांनी नवऱ्याचीच पाठ थोपटली. त्यानं काय केलं होतं, हे त्यालाही कळलं नाही.

दीड वर्षानं एक बाई झगा सैल करून घ्यायला आली. तिनं त्याच औषधाच्या सगळ्या खेपा पुऱ्या केल्या होत्या.

"पाऊण तास निजायचं, पण त्रास काही नाही हो. हात कडेलाच ठेवू देतात. कुणीतरी बाईमाणसानं विचार करून केलंय ते."

"मीच ती," काकू म्हणाल्या.

बाई इतकी हसली, की माप पुन्हा घ्यावं लागलं. "काहीही काय, काकू! तुम्ही आधी माझी बाही सैल करा. आता पुष्कळ वर्षं घालायचाय मला हा झगा."

काकूंनी बाही दोन बोटं जास्तच सैल केली.