चित्राने सांगितलेली तारीख

मिरजेला नर्सिंग शिकलेली वसुधा नवऱ्याच्या फौजी बदलीबरोबर चंडीगडला आली आणि एका छोट्या प्रसूतिगृहात नोकरीला लागली. साल १९८८, पंजाबातल्या दहशतीचे दिवस. चौकाचौकात पोलिसांचे नाके, दुकानं दिवेलागणीआधीच बंद. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत शेजारच्या क्वार्टरमधली चित्रा तिला ताई म्हणायची. चित्राच्या पहिल्या सिझरच्या वेळी महिनाभर दोन्ही वेळचा डबा वसुधाच्याच घरून गेला होता.

दुसऱ्या खेपेलाही सिझरच ठरलं, तेव्हा प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "एकोणचाळीस आठवडे भरू द्या. कळांशिवाय बाळ आधीच काढलं, तर फुप्फुसांत पाणी राहतं, धाप लागते, रक्तातली साखर उतरते." चित्राने पाळीची तारीख सांगितली, वसुधाने ती लिहून घेतली. सोनोग्राफी तेव्हा सरसकट नव्हती, आणि धाकट्या बहिणीसारख्या मुलीची उलटतपासणी कोण घेतं?

ठरल्या दिवशी मुलगा झाला, तो कण्हतच. ओठ निळसर, मिनिटाला ऐंशी श्वास. टाचेतल्या रक्ताच्या थेंबाने साखर फार कमी दाखवली. अशा धापेत अंगावर पाजता येईना. ऊब दिली, ऑक्सिजन लावला, शिरेतून साखर सुरू झाली. वसुधाने त्याचे तळपाय पाहिले. रेघा पुऱ्या उमटल्याच नव्हत्या.

ती तडक चित्राकडे गेली. "खरं सांग. पाळी कधी आली होती?"

"सांगितली त्याच्या तीन आठवडे नंतर," चित्रा पुटपुटली. "सासूबाईंनी साताऱ्याहून जन्माचा मुहूर्त काढून आणला होता. तुम्ही ऐकलं नसतंत, ताई."

"अगं, बाळ कच्चं आहे! हे डॉक्टरांना आत्ता सांग."

डॉक्टरीणबाई आल्या. चित्राच्या सासूबाई, पद्मिनीबाई, आधीच बोलल्या, "सिस्टरनं तारीख चुकीची लिहिली वाटतं. आमच्या सुनेनं बरोबर सांगितली होती."

"चित्रा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चित्रा छताकडे बघत राहिली. "ताईंनीच लिहून घेतलं. मला त्यातलं काय कळतं?"

आतून बाळाचं कण्हणं ऐकू येत होतं. वसुधा डॉक्टरीणबाईंकडे वळली. "चूक कुणाची ते मागाहून ठरवा, मॅडम. बाळ छत्तीस आठवड्यांचं धरा आणि मोठ्या इस्पितळात हलवा."

दोन नाके ओलांडून अँब्युलन्स पोहोचली. सहाव्या दिवशी बाळाची धाप थांबली. तोवर तारीख चुकवल्याचा ठपका ठेवून वसुधाला नोकरीवरून काढलं होतं.

पेढे घेऊन चित्रा दारात आली. "ताई, रागावलात?"

"बाळ दूध ओढतं ना नीट?"

"हो. पोटभर पितो."

"बरं झालं," वसुधा म्हणाली. पुडा तिने घेतला नाही. "आणि यापुढे मला सिस्टरच म्हण. तुझ्या सासूबाई म्हणतात तसं."